जेटमध्ये घातलेली तार

ह्या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो, खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, उलटी पावलं... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं, दोघांनी हसायचं. आमच्या घरात हा प्रकार मुळातच नाही. छप्पन साली आमच्या बापानं दीक्षा घेतली आणि घरातले देव, गंडेदोरे, अंगाऱ्याची डबी सगळं एका टोपल्यात भरून नदीला सोडून आला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. "कुनी सांगितलं म्हणून मानायचं न्हाई. सोता तपासून बघायचं, मंग मानायचं," हे त्याचं वाक्य मी भाकरीबरोबर खाल्लेलं आहे. त्यामुळं आज जे लिहितोय ते लिहिताना मला लाजच वाटतेय. त्यात भूत नाही, स्मशान नाही, रात्रसुद्धा नाही. एक मोटार आहे आणि तिचं कार्बोरेटर आहे. हसायचं असेल तर हसा, मीही हसलो असतो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ सरून एक बरा पावसाळा झाला होता. परभणी जिल्ह्यात देवगाव फाटा आहे, तिथं आमच्या उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय... पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, आणि शेडच्या मागच्या भिंतीला लागून उस्तादांचं दोन खोल्यांचं घर. त्यात ते आणि खाला, म्हणजे त्यांची बायको, दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं. मी सोळाव्या वर्षी त्यांच्याकडं लागलो आणि तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझं नाव काहीही असो, उस्ताद मला बाबू म्हणायचे, म्हणून सगळा फाटा बाबूच म्हणायचा.

उस्ताद निजामाच्या काळात हैदराबादेत मोटारींवर शिकलेले. माणूस कडक. पान्हा जागेवर नसला तर जेवायचे नाहीत. त्यांचे दोन नियम होते. पहिला — "एक टायम कू एकच चीज बदल. दो बदला तो क्या सुधरा कैसा मालूम पडींगा?" आणि दुसरा जेटबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कार्बोरेटरमध्ये पितळेचं एक बारीक बोंडूक असतं, त्याला जेट म्हणतात. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार ते त्या भोकावर ठरतं. त्यात कचरा अडकला की लोक तार घालतात. उस्तादांच्या शेडमध्ये ते हराम होतं. तार घातली की पितळेवर ओरखडा पडतो, भोक मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक लहान होत नाही. जेट तोंडात धरायचं आणि फुंकायचं. निघेपर्यंत फुंकायचं. पेट्रोलनं ओठ सोलून निघायचे, पण फुंकायचं.

आणि हे सगळं दमेकरी माणूस करायचा बरं का. उस्तादांना जुना दमा होता. खाला मागून ओरडायची, "अजी, सांस तुमारी है, मोटार की नई." हे ऐकायचेच नाहीत.

सेलूचे एक वकीलसाहेब होते. त्यांच्याकडं एक काळी विलायती मोटार, कुणा नवाबाच्या घरून आलेली, लांब नाकाची, आत लाल कातड्याच्या सीटा. कित्येक वर्षं कडब्याच्या गंजीशेजारी पडून होती. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि साहेबांच्या मनात आलं, पोरगी ह्याच गाडीतून जाईल. उस्तादांनी इंजिन अख्खं उतरवलं. सिलेंडर हैदराबादहून बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा. व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः हातानं घासून बसवले. मला हात लावू दिला नाही. "ये मेरा आखरी इंजिन है बाबू," म्हणाले. मी म्हटलं, असं तुमी दर वर्षी म्हणता.

सगळं जोडून झालं त्या सकाळी त्यांनी प्रत्येक जेट फुंकलं. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं. मी हँडल मारलं आणि इंजिन लागलं... लागलं म्हणजे धड नाही, अडखळत. उस्ताद टायरवर बसले आणि त्यांना ढास लागली ती थांबेचना. "कार्बोरेटर कल देखींगे," एवढंच म्हणाले. मी त्यांना धरून घरात नेलं. पुन्हा ते शेडमध्ये आलेच नाहीत.

म्हणून कार्बोरेटर माझ्यावर आलं.

गाडीचं दुखणं असं, की उभ्या जागी बरी चालायची, पण पाय दाबला की आचके द्यायची आणि कार्बोरेटरमधून उलटं खोकायची. असं खोकलं की समजायचं, पेट्रोल कमी पडतंय. मी जेट काढलं, उजेडासमोर धरलं. काही दिसेना. अर्धा तास फुंकलं. डोळ्यापुढं काजवे आले, तरी कचरा हलेना. त्यात वकीलसाहेब येऊन उभे. "काय करायलास रे सकाळपासून? शहनाई वाजवायलास का?" मला राग आला. साहेब निघून गेल्यावर सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर काढला आणि घातला जेटमध्ये. कुणी बघितलं नाही. कचरा चटकन निघाला. एकदा सरकवून गप बसायचं, तर मी दोन-तीनदा मागंपुढं केलं.

त्या दिवशी संध्याकाळी उस्तादांना बघायला गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, तोंड उतरलेलं. खाला म्हणाली दुपारपासून जास्तच झालंय. उस्ताद छातीवर बोट ठेवून हळू म्हणाले, "बाबू, दोपहर कू यहां कोई तार फिराया सरीखा लगा. अंदर-बाहर, अंदर-बाहर."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी विचार केला, भिंत एकच आहे, भिंतीला फट आहे, म्हाताऱ्याला ऐकू आलं असेल, नाहीतर त्याला माझा स्वभाव माहीत आहे. लगेच त्यांनी विचारलंच, "जेट में तार तो नई डाला ना?"

"न्हाई उस्ताद," मी म्हटलं. "फुंकूनच काढलं."

दहा वर्षांत त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो. एवढं एकच बोललो.

दुसऱ्या दिवशीपासून गाडीचं उलटंच सुरू झालं. आधी पेट्रोल कमी पडत होतं, आता जास्त व्हायला लागलं. मागून काळा धूर, प्लगवर काजळी, आणि इंजिन बुडाल्यासारखं गुदमरायचं. कारण मला माहीत होतं, पण मन मानेना. जेट सोडून सगळं तपासलं. फ्लोटची उंची बदलून पाहिली. चोक अडकतोय का बघितलं. पॉइंट घासले, टायमिंग पुन्हा लावलं. कुठून हवा खातंय का म्हणून जोडावर तेलाचे थेंब सोडून कान लावला. सगळं ठाकठीक होतं. त्या जुन्या गाडीचं जेट परभणीत नाही, नांदेडला नाही. हैदराबादला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी खालानं मला अडवलं. बाई गरीब, कधी आवाज चढवायची नाही. म्हणाली, "बाबू, तू गाडी चालू करता ना, तब इनका दम घुटता. बंद करा तो सुकून रहता. ये क्या है?"

मी म्हटलं धूर आहे. शेडमधला धूर फटीतून आत येतो, दमेकरी माणसाला त्रास होणारच. मलाच माझी शरम वाटली, एवढं साधं आधी कसं सुचलं नाही. फाट्यावरच्या चार माणसांना धरलं आणि गाडी ढकलत रस्त्याच्या पलीकडं नेली, वारा उलट्या दिशेनं जाईल अशी उभी केली. दिवसभर तिथं काम केलं. संध्याकाळी खालाकडं गेलो तर तिनं पाच बोटं दाखवली. त्या दिवशी उस्तादांचा दम पाच वेळा कोंडला होता. मी गाडी पाच वेळा चालू केली होती.

तेवढ्यात वकीलसाहेबांचा धीर सुटला. लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी बैलजोडी पाठवली आणि गाडी ओढत सेलूला नेली. रस्त्यानं लोक हसत होते. मला सांगितलं, रोज सकाळी एस्टीनं ये आणि आमच्या वाड्यासमोर काम कर, माझ्या डोळ्यासमोर. मला आतून बरंच वाटलं. फाटा ते सेलू एस्टीनं अर्धा तास. आता धूर नाही, आवाज नाही, काही नाही. आता कळेल काय ते.

खालाला घड्याळ कळत नव्हतं, पण फाट्यावर राहणाऱ्या माणसाला एस्ट्या पाठ असतात. मी तिला म्हटलं, उस्तादांना त्रास झाला की कोणती गाडी गेली ते ध्यानात ठेव. आणि मी गाडी चालू केली की साहेबांच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ कागदावर टिपत गेलो. संध्याकाळी परत आलो. खालानं सांगितलं — सकाळची परभणी गाडी सुटली तेव्हा, मग मंठ्याची आली तेव्हा, मग दुपारच्या जिंतूर गाडीच्या जरा आधी. मी खिशातला कागद काढलाच नाही. काढायची गरज नव्हती, वेळा त्याच होत्या.

ती रात्र मी झोपलो नाही एवढंच लिहितो. माझा बाप जिवंत होता, त्याला सांगायची सोय नव्हती. उस्तादांना डॉक्टर बघून गेले होते. म्हणाले, छाती थकलीय, हृदयही थकलंय, सांगता येत नाही. मला वाटायला लागलं की सांगता येतं. ती गाडी नीट लागली तर हा माणूस जगेल. हे मला, टोपल्यात देव भरून नेणाऱ्याच्या पोराला वाटत होतं. आणि ती बिघडवली कुणी, तर मी.

एकच उपाय उरला होता. जेटचं भोक कथलाचा डाग देऊन बंद करायचं आणि नव्यानं पाडायचं. एवढं बारीक भोक पाडणार कशानं? खालाकडं शिलाई मशीन होतं. तिनं काही न विचारता सुयांची पुडी माझ्या हातात दिली. मी निघताना उस्ताद जागे होते. मला सांगायचं होतं. दारात थांबलोही. पण म्हटलं, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो. दुरुस्त झालेल्या चुकीचं बोलणं सोपं असतं.

सेलूला जाऊन जेटला डाग दिला. सुई बोटांत धरून फिरवत फिरवत भोक पाडलं. आधी बारीक झालं, गाडी खोकली. मी लगेच बंद केली. पुन्हा एक फेरा, पुन्हा बसवलं, पुन्हा खोकली. प्रत्येक वेळी मला इकडं इंजिन ऐकू येत होतं आणि तिकडं उस्ताद दिसत होते. अकरा वेळा जेट काढलं-घातलं. बाराव्या वेळी बसवण्याआधी तोंडात धरून फुंकलं. हवा सरळ गेली.

आणि मग इंजिन लागलं.

काय लागलं म्हणून सांगू. पाय दाबला तर अडखळत नाही, सोडला तर बसत नाही. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला इंजिनावर ठेवायची उस्तादांची रीत होती. मी ठेवला, तर पाण्याला लहर नाही. रबरी नळी कानाला लावून कार्बोरेटरशी धरली. आत हवा जात होती, शांत, लांब... तसा श्वास मी उस्तादांचा कधी ऐकला नव्हता. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. वकीलसाहेबांची मुलगी ओट्यावर उभी होती, ती घाबरून आत गेली.

साहेब खूश. "जमलं की रे बाबू. कर आता बंद."

"नवं इंजिन हाय साहेब," मी म्हटलं. "जरा चालू द्यावं लागतंय." हे खोटंही नव्हतं.

तासभर चालू ठेवलं. रेडिएटरला पाणी घातलं. साहेब दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अरे, पेट्रोल काय विहिरीतून येतंय का? बंद कर म्हणलं ना." मी त्यांच्याकडं बघून हसलो आणि बंद केलं नाही. शेजारपाजारची माणसं जमली होती. एक जण म्हणाला, मिस्त्रीला येड लागलं.

आणि मला माझाच संताप आला. मी काय करतोय? स्विच बंद करायला भितोय. माझ्या बापानं अख्ख्या गावाच्या शिव्या खाऊन भीती नदीत सोडली, आणि मी एका मोटारीपुढं हात जोडून उभा आहे. तपासून बघ, मग मान — बाप हेच म्हणायचा. एका वेळी एकच गोष्ट बदल — उस्ताद हेच म्हणायचे. दोघांनी मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. बाकी सगळं नीट आहे, आता एकच गोष्ट बदलायची. बंद करायचं आणि जाऊन बघायचं. म्हातारा चहा पीत बसलेला असेल, मी त्याचे पाय धरीन, तारेचं सांगीन, तो दोन शिव्या देईल.

मी स्विच बंद केला. आत घड्याळात चारचे ठोके पडत होते.

एस्टी लगेच मिळाली. फाट्यावर उतरलो तेव्हा लिंबाखाली माणसं बसली होती. त्यांनी उठून वाट करून दिली. खाला आत बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, "आज घंटाभर इत्ता आराम था इनकू. बैठे, शोरबा पिये. तेरेकू पूछे, बाबू आया क्या. मैं बोली आता ना. फिर चार की जिंतूर गाडी आके ठहरी, और इनोने सांस छोडी, फिर लीच नई. खांसी नई, तकलीफ नई. जैसा कोई बंद करा."

आता पुढचं. लग्न झालं, मुलगी त्याच गाडीतून गेली. ती गाडी नंतर कित्येक वर्षं सेलूत पळत होती आणि एकदाही खोकली नाही. वकीलसाहेब रोज चालू करायचे, रोज बंद करायचे, कुणाला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, मरणाआधी काही रोग्यांना असा तासभर आराम पडतो, नवल नाही. बरोबर असेल. खालाच्या एस्ट्या, माझं घड्याळ, योगायोग म्हणा. तारेचं त्यांनी भिंतीतून ऐकलं म्हणा. मीसुद्धा पन्नास वर्षं स्वतःला हेच सांगतोय. भूतप्रेत मी आजही मानत नाही. पण ह्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ज्यांना विचारता आलं असतं ते उस्ताद आणि खाला दोघंही गेले.

एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. उस्तादांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी मी सेलूला गेलो, कुणी नाही असं बघून पेट्रोल मोजायला गाडीच्या टाकीत एक काटकी बुडवली. चार बोटं पेट्रोल होतं. उभ्या गाडीला ते तीन तास सहज पुरलं असतं. गाडी तशीच चालू सोडून मी एस्टीत बसलो असतो, तर अर्ध्या तासात फाट्यावर होतो. ते उठून बसले होते, शोरबा पीत होते, माझी वाट बघत होते. उस्ताद, तार मीच घातली — एवढंच तर सांगायचं होतं.